सगळ्यांचा पिक्चर

"ओ ताई, हात सोडा की माझा," शेजारचे काका म्हणाले.

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की मी एका परक्या माणसाचं मनगट गच्च धरून बसले आहे. पडद्यावर सातही जण पहिल्यांदाच एका रांगेत उभे राहिले होते, अख्खं थिएटर शिट्ट्यांनी दणाणत होतं, मागून कागदाचे कपटे उडत होते, आणि मी आपली त्या काकांच्या हातात नखं रुतवून "आले, आले, आले" म्हणत होते.

"सॉरी काका. सवय आहे."

"कुणाला धरायची?"

"बहिणीला."

त्यांनी माझ्या पलीकडच्या खुर्चीकडं बघितलं. तिथं कॉलेजचं एक पोरगं खुर्चीवर उभं राहून टॉवेल फिरवत होतं. काकांनी मनगट चोळलं, चार खारे दाणे तोंडात टाकले आणि परत पडद्याकडं वळले. मीही वळले, पण दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. इचलकरंजी, एप्रिल महिना, शुक्रवार, दुपारी बाराचा पहिला खेळ. मी वीस वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. परीक्षा तोंडावर आली होती, आईला लायब्ररीत जाते म्हणून सांगितलं होतं, आणि जन्मात पहिल्यांदा मी एकटीनं पिक्चर बघत होते.

पिक्चरचं खरं नाव लांबलचक इंग्रजी होतं. आमच्या घरात त्याला 'सगळ्यांचा पिक्चर' म्हणायचे. आठ वर्षं त्या लोकांनी एकेका सुपरहिरोचा वेगळा पिक्चर काढला, आणि आता हा शेवटचा, त्यात सगळे एकत्र येणार. त्या सुपरहिरोंची खरी नावंही आम्ही कधी घेतली नाहीत. त्यांचं बारसं आईनं केलं होतं. एक दांडगा होता, भिंती फोडत जायचा, तो म्हैश्या. एक बाई स्वतःच्या अंगाची काच करायची, फुटायची आणि परत सांधायची, ती काचवाली. ती माझी. आणि एक किडकिडीत घड्याळजी होता. तो वेळ थांबवायचा. नऊ सेकंद, दहावा नाही. तेवढ्यात अख्खं जग गोठायचं, माणसं, पाखरं, कपातून सांडणारा चहा, सगळं. हलायचा फक्त तो. त्याला आई घड्याळ्या म्हणायची. तो आक्काचा.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण मनीषा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. हे वेड तिचंच, मला तिनं लावलं. पप्पा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. दिवसभर मागांच्या खडखडाटात राहून आलेल्या माणसाला घरात टाचणी पडलेलीही खपायची नाही, म्हणून पिक्चर बघून आलं की आम्ही दोघी गच्चीवर जायचो आणि वाळत घातलेल्या चादरींच्या आड बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत तो परत सांगायचो. "पोरींनो, पिक्चर अडीच तासांचा आणि तुमचं कीर्तन चार तासांचं," आई खालून ओरडायची.

आक्काचे नियम होते, आणि ती नियमांच्या बाबतीत हेडमास्तरीण होती. पहिल्या दिवशी पहिला खेळ. पिक्चर चालू असताना बोलायचं नाही. शेवटची नावं संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही, कारण या पिक्चरांत नावं संपल्यावर एक छोटा सीन असायचाच, पुढच्या पिक्चरची चुणूक म्हणून. अडाणी लोक उठून जायचे, आम्ही बसायचो. आणि सगळ्यांत कडक नियम असा, की एकीनं आधी बघितला तर दुसरीचा बघून होईपर्यंत तोंडाला कुलूप. एक शब्द फुटला तर बोलणं बंद. आता माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत. पण या एका बाबतीत मी आक्काला भिऊन होते.

आदल्या मे महिन्यात तिचं लग्न झालं. बघायला आले होते तेव्हा दाजी म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा." अशा वेळी मुली पदराशी चाळा करतात. आक्का म्हणाली, "मला पिक्चर बघायला आवडतात. तेवढं चालेल का?" आईचा चेहरा असा झाला, की पोह्यांत मीठ जास्त पडलं असतं तरी झाला नसता. पण दाजी हसले. "न चालायला काय झालं? घरची गाडी आहे. महिन्याला सांगलीला नेतो." पप्पांना ते उत्तर इतकं आवडलं, की पुढं दोन महिने येईल त्याला ते ऐकवत होते. सासर जतच्या पुढं, पार कर्नाटकाच्या हद्दीला. दाजींचं खता-औषधांचं दुकान. माणूस चांगला. वाईट म्हणायला कुठं जागाच नव्हती.

तर त्या शुक्रवारी मी एकटी बसले होते. मध्यंतरात काकांनी मला दाणे दिले. मध्यंतरानंतर घड्याळ्या मेला.

कसा मेला ते सांगते, कारण सगळी गोष्ट तिथंच अडकली आहे. शत्रूनं चहूकडून आग सोडली आणि वाचायला वाव उरला नाही, तेव्हा घड्याळ्यानं वेळ थांबवला. सगळं गप्प झालं. थिएटरही गप्प झालं, टॉवेलवालं पोरगंसुद्धा खाली बसलं. नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. गोठलेल्या सहा जणांना त्यानं एकेक करून आगीच्या बाहेर ओढत नेलं. म्हैश्याला ओढताना तर त्याचे पाय घसरत होते. सहाव्या माणसाला बाहेर ठेवलं तेव्हा आठ सेकंद झाले होते. त्याला स्वतःला हलायला एक उरला, आणि तेवढं त्याच्या अंगात बळ नव्हतं. तो तिथंच खाली बसला. सगळ्या मित्रांची तोंडं त्याच्याकडं, डोळे उघडे, आणि एकालाही दिसत नाही. नववा सेकंद झाला. जग हललं तेव्हा तो नव्हता.

मी हुंदके देऊन रडले. उगाच नाक ओढणं नव्हे, चांगलं मोठ्यानं. काका बिचारे घाबरले. "अहो ताई, खोटं असतंय सगळं," म्हणाले. मला त्यांना सांगावंसं वाटलं, की काका, मी घड्याळ्यासाठी थोडीच रडते आहे, हे आक्काला कळेल तेव्हा तिच्या शेजारी कोण असेल याचं रडू येतंय. पण ते त्यांना कसं कळावं?

नावं सुरू झाली तसं थिएटर रिकामं झालं. मी बसून राहिले. झाडू घेऊन आलेली बाई दोनदा माझ्या रांगेपाशी येऊन गेली.

"संपला की पिक्चर, बाई."

"अजून एक सीन असतो मावशी."

तीही झाडूवर हनुवटी टेकून उभी राहिली. नावं संपली, पडदा काळा झाला, दिवे लागले. काही नव्हतं. शेवटचाच पिक्चर, पुढची चुणूक दाखवणार कशाची? "बघितला का सीन?" मावशीनं विचारलं आणि दाण्यांची टरफलं लोटायला लागली.

आक्काला फोन करायची वेळ ठरलेली होती, दुपारी तीन ते चार. तेव्हा तिच्या सासूबाई झोपायच्या. चप्पल काढायच्या आधी मी गच्चीवर गेले आणि फोन लावला.

"आक्का, बघितला!"

"गप निकी! एक अक्षर बोलू नकोस. आवाजसुद्धा काढू नकोस तसला, मला आवाजावरनं कळतं. उद्या आम्ही जाणार आहोत."

"उद्या नक्की?"

"नक्की. ह्यांनी सांगितलंय."

शनिवारी मी साडेतीनपर्यंत कळ काढली. दुकानात माल आला होता, रविवारी जाणार होते. रविवारी जावेच्या बाळाला ताप होता. सोमवारी म्हणाली, पुढच्या शनिवारी पक्कं. मी रोज फोन करत होते, रोज एकच प्रश्न विचारत होते, आणि ती रोज काहीतरी कारण सांगून मग माझ्या परीक्षेची चौकशी करत होती. आईनं काय केलं, पप्पांचा खोकला कसा आहे, गल्लीतल्या अमकीचं जमलं का. मला कुणाचं जमण्यात रस नव्हता. मला घड्याळ्याबद्दल बोलायचं होतं.

आणि बोलायला माणूस नव्हतं. वर्गातल्या मुली म्हणायच्या, "तू अजून कार्टून बघतेस?" आईला सांगायला गेले तर म्हणाली, "मेला का? बरा होता बिचारा. जरा ती लसूण सोलून दे." एवढंच. एकदा कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तीन पोरं त्याच पिक्चरवर हमरीतुमरीवर आली होती. मी पानं घेऊन उगीच रेंगाळले. एक जण म्हणाला, "अरे, घड्याळवाल्याकडं सातच सेकंद असतात."

"नऊ," माझ्या तोंडून गेलं.

तिघांनी वळून बघितलं. वरपासून खालपर्यंत बघितलं. "पहिल्या पिक्चरमध्ये पूल पडतो तेव्हा तो मोजतो, नऊपर्यंत," मी म्हटलं. मग त्यांतला एक हसला, "मॅडम फॅन आहेत वाटतं," आणि बाकीचे दोघे फिदीफिदी हसले. मी दोनशे रुपयांची नोट तिथंच विसरून घरी आले, परत आणायलाही गेले नाही. माझ्या आयुष्यात तेवढं एकटं मला नंतर कधी वाटलं नाही, आणि नंतर मी हॉस्टेलवरही राहिले, परगावात नोकरीही केली.

अकराव्या दिवशी, सोमवारी, आक्कानं आपणहून फोन केला.

"बघितला गं बाई!"

मी किंचाळले. गच्चीवरची कबुतरं उडाली. "कधी? कुठं? काल?"

"काल. सांगलीला. ह्यांच्याबरोबर."

"मग? घड्याळ्या...?"

"काय सांगू, फार वाईट वाटलं गं. रडले मी."

अकरा दिवसांचं बांधलेलं सुटलं माझं. मी किती बोलत होते याला सुमार नव्हता. सातही जण एका रांगेत येतात ते, म्हैश्या विमान अडवतो ते, आणि आक्का "हो की", "तर काय", "अगदी" म्हणत होती. मला इतकं बरं वाटत होतं, की ती स्वतःहून काहीच सांगत नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. मग ती म्हणाली,

"आणि नावं संपल्यावरचा सीन! तो तर काय भारी होता ना?"

मी बोलता बोलता थांबले.

पहिल्यांदा वाटलं, सांगलीला वेगळा दाखवला असेल. मग कळलं. एखादी साधी बाई असती तर सीनचं नावच काढलं नसतं तिनं. पण आक्का मुरलेली. तिला ठाऊक, या पिक्चरांत नावं संपल्यावर सीन असतोच. खोटं बोलतानाही ती नियमानं बोलली, आणि नेमकी तिथं सापडली.

तेव्हाच मी "आक्का, तसा सीन नाहीये" म्हणून विषय सोडायला हवा होता. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. अकरा दिवस मी हिच्यासाठी तोंड शिवून बसले आणि ही मला थापा मारते! नवरा मिळाला, घर मिळालं, आता धाकटीचं खूळ सांभाळायचं म्हणून हो ला हो करते. असं वाटलं मला. मग मी तेच केलं, जे आम्ही खोटे फॅन पकडायला शाळेत करायचो.

"आणि म्हैश्याचं लग्न?" मी गोड आवाजात विचारलं.

"हो गं! हसून हसून पुरेवाट."

"नवरी कसली ठेंगणी होती ना?"

"तर! त्याच्या गुडघ्याएवढी."

"आणि वरातीत घोडा पळतो ते?"

"अगं, थिएटरमध्ये सगळे नुसते..." ती हसली. खोटं हसू माझ्या कानाला लगेच कळलं. अठरा वर्षं त्या बाईच्या शेजारी झोपले होते मी.

"आक्का," मी म्हटलं, "पिक्चरमध्ये लग्न नाहीये. वरात नाही, घोडा नाही. आणि नावं संपल्यावर काहीसुद्धा नाही."

तिच्याकडं कुठंतरी पत्र्यावर काहीतरी वाळत घातलेलं असावं, ते वाऱ्यानं फडफडत होतं.

"आक्का?"

"आईला सांगू नकोस," ती म्हणाली.

एवढंच. ना रागावली, ना सारवासारव केली. आणि माझा सगळा ताठा कुठल्या कुठं गेला.

"म्हणजे?"

"पहिल्या शनिवारी निघालोच होतो. मी साडी नेसून तयार होते. सासूबाई म्हणाल्या, एवढ्या उन्हाचं तेवढ्या लांब कशाला, पोरासोरांचा पिक्चर. हे म्हणाले, बरं, पुढच्या आठवड्यात जाऊ. वाईट नाही गं कुणी. कुणी ओरडलं नाही की काही नाही."

"मग पुढच्या आठवड्यात?"

"मी विचारलंच नाही."

"का?"

"नाही म्हणाले असते तर? विचारलं नाही तर निदान जायचंय असं तरी राहतं."

"लग्न झाल्यापासून किती बघितलेस, आक्का?"

ती म्हणाली, "पप्पा सगळ्यांना सांगतात ना अजून, महिन्याला नेतो म्हणून? सांगू देत."

मी चादरींच्या आड खाली बसले. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं. "मग मला कशाला खोटं सांगितलंस? मला सांगायचं होतंस की खरं."

"तू रोज विचारायचीस. इतक्या आशेनं विचारायचीस. म्हटलं, एकदा हो म्हटलं की निकी बोलेल तरी. तू बोलशील, मी ऐकेन. इथं कुणाला बोलू गं मी असलं? जावेला सांगायला गेले, तर तिनं सासूबाईंना बोलावलं ऐकायला. हसायला."

अकरा दिवस मी समजत होते, की एकटी पडले ती मी. मी रडायला लागले, तिकडं तीही, आणि दोघी एकमेकींना "गप गं, गप" म्हणत होतो.

"चार वाजतील," थोड्या वेळानं आक्का म्हणाली. नाक ओढलं तिनं. "सांग आता. सगळा सांग."

"नियम?"

"नियम माझा, मीच मोडते. इथली पोरं म्हणतात, घड्याळ्या मेला. खरंय?"

"हो."

"कसा मेला?"

मी सांगितलं. चहूकडून आलेली आग, थांबलेला वेळ, एकेकाला ओढत नेणं. ती मध्ये एक शब्द बोलली नाही. म्हैश्याला ओढताना पाय घसरतात तिथं तिनं "अगं आई" म्हटलं, तेवढंच. आठ सेकंद झाले, तो खाली बसला, इथपर्यंत मी आले आणि थांबले.

"मग?" आक्का म्हणाली. "एकटाच होता का गं?"

खरं काय ते तुम्हाला मी सांगितलंच आहे.

"नाही," मी म्हटलं. "काचवाली होती."

"होती म्हणजे? गोठलेली असणार की."

"नव्हती. ती हलली."

"कशी हलेल? वेळ थांबला की कुणी हलत नाही. आठ वर्षांत कुणी हललेलं नाही."

"हलली, आक्का. उठली, आणि त्याच्याजवळ येऊन बसली. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. नववा सेकंद होईपर्यंत उठली नाही तिथून."

थापा पकडायला मला शिकवलं होतं ते आक्कानंच. आता ही मला झाडणार, मी मनाशी म्हटलं.

"काही बोलली का त्याच्याशी?" तिनं विचारलं.

"पुष्कळ," मी म्हटलं. "ऐक."